दुसरी रेघ

१

लग्नानंतर तिला जी खोली मिळाली, तिला दार नव्हतं. पडदा होता. पडद्यामागे पलंग, कपाट आणि घरातला एकुलता एक फ्रीज. फ्रीज स्वयंपाकघरात मावत नव्हता आणि इतक्या वर्षांत त्याला हलवायची कुणाची छाती झाली नव्हती, म्हणून नव्या जोडप्याचा संसार त्याच्या आजूबाजूला बेतला होता. उजाडायच्या आत सासूबाई दुधासाठी यायच्या. "झोपा, झोपा, मी काही बघत नाहीये," असं म्हणत दिवा लावायच्या. दुपारी नणंद बर्फासाठी यायची. ती "वहिनी, येऊ का?" असं रीतसर विचारायची, फक्त आत आल्यावर.

डॉक्टरांनी बोलून पाठवलेली टिपणं ऐकून टाइप करायची, हे तिचं काम. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप, पाठीशी फ्रीजची घरघर. डॉक्टर खोकले, अडखळले, शेजारी कुणाला ओरडले, तर ते सगळं गाळायचं आणि कामाचं तेवढं ठेवायचं. दिवसभर हे करून संध्याकाळी तिला स्वतःचं बोलणंही गाळूनच करावंसं वाटे. सासरी त्याला शांत स्वभाव म्हणत.

मागच्या अंगणात एक खोली काढायची, हे लग्नाआधीच ठरलं होतं. खरं दार असलेली, दाराला आतून कडी असलेली. खोलीला खिडक्या किती, रंग कोणता, यावर घरात रोज चर्चा व्हायची. तिचं मागणं एकच होतं, कडी.

मिस्त्री आला, त्याने अंगणात एक चक्कर मारली, फरशीवर टाच आपटली आणि म्हणाला, "आधी टाकी दाखवा."

"कसली टाकी?" नवऱ्याने विचारलं.

"जमिनीखालची. तुमच्या आईंनीच सांगितलं की जुनी टाकी आहे कुठेतरी. मागच्या कामावर माझा एक पाय असाच आत गेला होता. दुसरा बाहेर राहिला म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. पोकळ जागेवर मी पाया घेणार नाही."

टाकी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कुठे आहे, यावर मात्र एकमत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या नळाजवळ, नणंद म्हणाली कुंपणापाशी, आणि घर विकून गेलेल्या आधीच्या मालकाचा फोन लागत नव्हता.

"मग फोडून बघू या," ती म्हणाली.

"अख्खं अंगण?" मिस्त्री हसला. "खालचा कोबा वीतभर जाड आहे ताई. त्यापेक्षा नवं घर घ्या. महिनाअखेरपर्यंत मी आहे, मग दुसरीकडे मोठं काम लागलंय. तोवर टाकी सापडली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी. तिने वळून पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला आणि त्यातून सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या.

"फोडायचं कशाला?" नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ती चमक आली होती, जी लग्न ठरताना तिला गोड वाटली होती. "मशीन मागवतो."

२

मशीन दोन खोक्यांतून आलं. जमिनीत लहर सोडायची, ती कशाला आपटून परत आली की स्क्रीनवर त्याचं चित्र काढायचं, असं ते रडार होतं. त्यातल्या त्यात स्वस्तातलं. एका फळीवर दोन चपटे प्लास्टिकचे डबे, खाली चार चाकं, पुढे ओढायला दोरी आणि मागे लांबलचक वायर. चाकं कुरकुरत. नणंदेने त्याचं नाव बाबागाडी ठेवलं.

"चला, ही तरी आली घरात," सासूबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

काम असं चालायचं. नवऱ्याने अंगणात हात-हातभर अंतरावर सुतळ्या ताणल्या होत्या. तिने दोरी धरून एकेका सुतळीवरून बाबागाडी सावकाश ओढत न्यायची, आणि त्याने मागच्या दाराच्या पायरीवर बसून लॅपटॉप बघायचा. पहिल्या संध्याकाळी ती हौसेने चालली. दुसऱ्या संध्याकाळी पाठ धरली. त्यानंतर रोज तेच सुरू झालं. नवरा ऑफिसातून आला की चहा घ्यायचा आणि "चल, ओढ" म्हणायचं, जणू घरात बैल बांधला आहे.

"सावकाश! घाईने ओढलंस की फिसकटतं सगळं."

"मघाशी म्हणालास भरभर."

"मघाशी वेगळं सेटिंग होतं."

टाकी काही दिसेना. स्क्रीनवर उलट्या वाट्या दिसत, एकीवर एक पालथ्या घातलेल्या. नवरा प्रत्येक वाटीला "हीच!" म्हणे आणि थोड्या वेळाने ती पाण्याचा पाइप निघे, किंवा कुंपणाचा खांब, किंवा कपडे वाळत घालायचा स्टँड.

"स्टँड तर जमिनीवर आहे," ती म्हणाली.

"तेच तर. महागातल्या मशीनचे डबे वरून झाकलेले असतात, ते फक्त खाली बघतात. आपले उघडे आहेत. हे खाली बघतं, वर बघतं, बाजूला बघतं, आणि जे दिसेल ते सगळं जमिनीत आहे असं समजून काढतं. स्क्रीनवर जितकं खाली, तितकं ते लांब. कुठल्या दिशेला, ते याला कळत नाही." त्याने हे इतक्या कौतुकाने सांगितलं की जणू मशीन नुकतंच बोबडं बोलायला लागलं होतं. "जे एका जागी उभं असतं त्याची वाटी होते. कारण आपण जवळ जातो, मग लांब जातो. आणि जे आपल्याबरोबर चालतं त्याची सरळ रेघ होते."

"आपल्याबरोबर काय चालतं?"

"तू. दोरी धरून पुढे असतेस ना, नेहमी तेवढ्याच अंतरावर. म्हणून तू रेघ."

"बरं. मी रेघ."

"पण काळजी नको, फिल्टर आहे. सरळ रेघा आपोआप पुसून टाकतो. तुझा काही त्रास होत नाही."

तिने यावर काय बोलायचं ते मनात जुळवलं आणि गाळून टाकलं.

३

एका संध्याकाळी लॅपटॉप मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला. तिने सुतळी संपवली आणि नवरा फोन घ्यायला आत गेलेला पाहून पायरीवर टेकली. स्क्रीनवर नेहमीच्या वाट्या होत्या. त्यांच्यावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पट्टीने आखावी तशी एक रेघ गेली होती.

आणि तिच्याखाली आणखी एक.

"फिल्टर उडाला वाटतं," नवरा परत येऊन म्हणाला. "ही वरची तू."

"खालची?"

"ती..." त्याने मान वाकडी केली. "तीही तूच. लहर तुला लागते, मग भिंतीला आपटून परत येते. प्रतिध्वनी."

पटण्यासारखं होतं. पण ही सुतळी भिंतीपासून दूर दूर जाणारी होती. भिंत लांब जाते तर प्रतिध्वनीही लांब जायला हवा. रेघ होती तिथेच होती, तिच्या रेघेहून जेमतेम पाऊलभर पलीकडे. एखादं माणूस मागून चालताना ठेवतं तेवढं अंतर.

"एकदा तू ओढ," ती म्हणाली.

त्याने ओढलं. रेघ एक. नणंदेला अभ्यासातून उठायचं निमित्तच हवं होतं. तिने ओढलं, तरी एकच. "मी एकटीच ब्वा," तिने जाहीर केलं. मग हिने ओढलं आणि नणंद लॅपटॉपवर वाकून किंचाळली, "दोन रेघा! वहिनी, अभिनंदन!"

सासूबाई ओल्या हातांनीच धावत आल्या. "खरंच?"

"अगं आई, मशीनवर. मशीनवर दोन रेघा."

"मेलं ते मशीन," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुसत परत गेल्या.

नवरा आता इरेला पेटला होता. "तुझ्या अंगावर काहीतरी धातूचं आहे. घड्याळ काढ." काढलं. दोन रेघा. केसातली क्लिप, खिशातला फोन, चपला. अनवाणी पायांना फरशी गार लागली. दोन रेघा.

"अजून काय काढू?" तिने हळूच विचारलं. नणंदेला ठसका लागला.

मशीन विकणाऱ्याला फोन झाला. तो म्हणाला, "साहेब, स्वस्तातला माल आहे, तो इतपत खेळणारच. फिल्टर लावा आणि विसरून जा." नवऱ्याने फिल्टर लावला. दोन्ही रेघा गेल्या. तो पुन्हा वाट्या मोजायला लागला.

तिला खरा राग आला तो तेव्हा. भीती वाटायला हवी होती, ती वाटेपर्यंत रागानेच जागा अडवली. महिना संपत आला होता आणि हा माणूस जे दिसतंय ते पुसून जे दिसत नाही ते शोधत बसला होता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी एका डॉक्टरचं टिपण ऐकताना तिने सवयीने त्याचा खोकला गाळला आणि तिचा हात थांबला. गाळलेलं कुठे जातं? टाइप होत नाही एवढंच. रेकॉर्डिंगमध्ये ते असतंच.

तिने नवऱ्याच्या लॅपटॉपवरच्या सगळ्या संध्याकाळी उघडल्या आणि एकेकीवरचा फिल्टर काढला.

दुसरी रेघ पहिल्या दिवसापासून होती. तेव्हा खूप खाली होती, म्हणजे खूप लांब, कुंपणाच्याही पलीकडे असावी इतकी. मग रोज थोडी वर सरकत आली होती. इथे तिने फाइल बंद केली, उठून फ्रीजमधून पाणी घेतलं, ते उभ्यानेच प्यायली आणि स्वतःला समजावलं की मशीन तापत असेल, सुटे भाग सैल होत असतील. घरातलं प्रत्येक यंत्र दिवसागणिक बिघडतच जातं. मग ती परत बसली.

आणखी एक गोष्ट होती. रेघ अगदी सरळ नव्हती. मधल्या काही सुतळ्यांवर ती एका ठिकाणी खाली झुकत होती, थोडं अंतर तशीच जात होती आणि पुन्हा वर येत होती. शेजारच्या सुतळीवरही झुकत होती, त्याच ठिकाणी. त्याच्या शेजारीही. मग पुढच्या सुतळीवर नाही. रस्त्यात डबकं आलं की माणूस जसं बोलता बोलता त्याला वळसा घालतं आणि पुन्हा आपल्या शेजारी येतं, तसं.

तिथली जमीन वेगळी असेल, असं तिच्या बुद्धीने ताबडतोब सुचवलं. ओल असेल, पोकळी असेल, लहर तिथे वाकत असेल. बुद्धीचं म्हणणं तिला आवडलं. पण मग तिची स्वतःची रेघही तिथे वाकायला हवी होती. ती सगळीकडे ताठ होती. तिला काही माहीत नसल्यामुळे ती सरळ वरून चालली होती.

पडदा सरकला. ती इतकी दचकली की पाणी सांडलं.

"वहिनी, येऊ का?" नणंद बर्फाचा ट्रे काढत म्हणाली. "काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

"कडी नाही ना," ती म्हणाली.

५

"तिथे काही नाहीये," नवरा म्हणाला. "तो भाग मी शंभरदा बघितलाय. तिथे वाटीसुद्धा नाही."

"तरी पण."

"तरी पण कशावरून?"

काय सांगणार? माझ्यामागून जे चालतं ते तिथे पाय ठेवत नाही, हे वाक्य तिने मनात म्हणून पाहिलं. मनातसुद्धा ते नीट उभं राहिना.

मिस्त्रीचा शेवटचा दिवस होता. जाण्याआधी टाकी सापडली का ते विचारायला तो हत्यारं घेऊनच आला होता. नवऱ्याचं आणि त्याचं बोलणं चालू असताना तिने खडूने फरशीवर चौकोन काढला आणि म्हणाली, "इथे फोडा."

मिस्त्रीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. "फोडा. हिचं समाधान होऊ दे."

कोबा फुटला आणि खाली दगडी झाकण लागलं. खडूच्या रेषेला रेष.

मग काय विचारता! सासूबाई म्हणाल्या, मी तरी म्हणत होतेच की इथेच. नवरा म्हणाला की मशीनने शेवटी दाखवलंच, आणि मित्राला फोन लावायला गेला. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि आज तिला ते बरं वाटलं. मिस्त्रीने पहार घालून झाकण सरकवलं, आत विजेरी मारली आणि ती कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवली.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

तिने वाकून पाहिलं. उभं राहता येईल एवढी खोल टाकी. भिंती गुळगुळीत, तळ कोरडा. शेवाळ नाही, गाळ नाही, पाण्याची खूण नाही, एक कोळ्याचं जाळं नाही. आत्ताच कुणीतरी झाडून पुसून ठेवल्यासारखी. आतून गार हवासुद्धा आली नाही.

"यात पाणी कधी भरलेलंच नाही," मिस्त्री म्हणाला. "कशाला बांधली कुणास ठाऊक. जाऊ दे. दगडमाती टाकून भरून घेतो आणि उद्यापासून पाया धरतो. मोठ्या कामावर चार दिवस उशिरा जाईन. चालेल ना, ताई?"

अख्ख्या अंगणात ही एकच जागा होती, जिथे ते येत नव्हतं.

नको, भरू नका, एवढंच म्हणायचं होतं. मग नवरा का म्हणून विचारणार, मशीन पुन्हा निघणार, सुतळ्या ताणल्या जाणार, मिस्त्री निघून जाणार. पुढच्या वर्षापर्यंत दूध, बर्फ आणि "येऊ का?" आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, तुमच्या पलंगावरची चादर मी बदलली हो, मळली होती."

"भरा," ती म्हणाली.

भरून झाल्यावर पोकळी उरली नाही ना ते बघायला नवऱ्याने पुन्हा बाबागाडी काढली. तिने एक सुतळी ओढली, त्या जागेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फिल्टर लावायच्या आधी क्षणभर तिला स्क्रीन दिसला. दुसरी रेघ आता कुठेच वाकत नव्हती. आणि पहिलीला इतकी लागून होती की दोघींमधली फट शोधावी लागत होती.

"स्वच्छ!" नवरा म्हणाला आणि बटण दाबलं.

६

खोली झाली. दाराला कडी लागली. पहिल्या दिवशी तिने ती तीन-चारदा उगाच लावली आणि काढली. लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज तिला कुठल्याही गाण्याहून गोड वाटला.

बाबागाडीकडे तिने पाठ फिरवली होती. कुणी ओढच म्हटलं नाही, त्यामुळे तेही सोपं गेलं. जे मोजायचंच नाही ते असलं काय आणि नसलं काय. नव्या खोलीत फ्रीजची घरघर नव्हती. इतकी शांतता होती की टिपणांमधले डॉक्टरांचे श्वासही स्पष्ट ऐकू येत. कधी कधी टिपण संपल्यावरही एखादा श्वास ऐकू यायचा. मग ती हेडफोन काढायची, थोडं थांबायची आणि पुन्हा घालायची. नवं प्लास्टर आहे, वाळताना आवाज करत असेल.

"सुख बोचतं तुला," नवरा म्हणाला. "नव्या खोलीत झोप नाही म्हणे."

तसं असेलही. तो भिंतीच्या बाजूला झोपायचा आणि रोज सकाळी तक्रार करायचा की तू मला ढकलत ढकलत पार कडेला नेतेस. ती तर पलंगाच्या दुसऱ्या काठावर असायची.

७

सुट्टीचा दिवस होता, चांगलं ऊन पडलं होतं. सासूबाई आणि नणंद बाजारात गेल्या होत्या. ती कडी लावून पलंगावर बसली होती, पाय लांब केलेले, मांडीवर लॅपटॉप. नवऱ्याला बाहेरच्या भिंतीत कपड्यांच्या दोरीसाठी हुक ठोकायचा होता. आत विजेची वायर कुठून गेली आहे ते बघायला त्याने बाबागाडीची चाकं काढून नुसते डबे भिंतीला लावले होते. ते प्लास्टरवरून सरकल्याचा खसखस आवाज आत येत होता.

आवाज समोरच्या भिंतीच्या मध्यावर येऊन थांबला.

"अगं," तो बाहेरून म्हणाला, "भिंतीला टेकून उभी राहू नकोस ना. चित्र बिघडतंय."

तिने वर पाहिलं. भिंत रिकामी होती. नवा रंग, त्यावर खिडकीतून पडलेला उन्हाचा चौकोन.

"मी..." ती म्हणाली.

"ऐकतेयस ना? बाजूला हो जरा. एवढी मोठी वाटी आलीये, वायर कशी दिसणार?" तो नेहमीसारखाच वैतागला होता. थोडा वेळ गेला. "हं. आता झालीस. अजून थोडी मागे."

उन्हाच्या चौकोनात काहीही हललं नाही. तिने दाराकडे पाहिलं. कडी लागलेली होती, तिनेच लावलेली. दार त्या भिंतीच्या बाजूला होतं.

"अजून," नवरा म्हणाला. "अजून जा मागे. हां, जातेयस. अजून एक पाऊल."

अरे थांब, तिला म्हणायचं होतं. बोलू नकोस त्याच्याशी. तिने तोंड उघडलं, आणि इतक्या महिन्यांत गाळलेलं सगळं एकदम ओठांपाशी आलं, पण त्यातल्या कशाचाही शब्द झाला नाही.

"बस्स! आता मस्त दिसतंय," बाहेरून आवाज आला. त्यात पहिल्यांदाच तिच्याविषयी थोडं कौतुक होतं. "पलंगापर्यंत पोचलीस, आता अशीच पलंगावर बस आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस."

तिने हळूच पाय जवळ ओढून घेतले.